साहेबांच्या कोपरावरचं ठिगळ

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. दुसऱ्याच्या सुडाची गोष्ट आपण कशाला सांगायची? पण राहवलं नाही.

तर आमचा टेलर. मागच्या निवडणुकीत साहेबांनी डोळ्यांचं शिबिर भरवलं. टेलरची आई पहिल्या रांगेत होती. तिच्या एका डोळ्यावर पट्टी बांधली, काळा चष्मा चढवला, साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, फटाफट फोटो निघाले. घरी येऊन पट्टी सोडली तर आत काहीच केलेलं नाही! "ऑपरेशनची तारीख कळवू," म्हणाले होते. तारीख आली नाही. तो डोळा गेला, दुसरा आधीच अधू होता. चौकातल्या होर्डिंगवर मात्र आई अजून हसतेय, साहेबांनी दृष्टी दिली म्हणून. टेलर रोज त्याखालून दुकानात जायचा आणि रोज दातओठ खायचा.

यंदा साहेबांचा प्रचारवाला आपल्या पायांनी दुकानात आला. टेलरला त्यानं ओळखलंही नाही.

"पाच शर्ट. एकसारखे. जुने वाटले पाहिजेत. आणि कोपरावर ठिगळ."

"पाचही शर्टांना?"

"साहेब रोज तोच शर्ट घालतात."

"असं होय!"

"आणि शिलाई मशीनची नको हां. हाताची, वेडीवाकडी. आईनं लावलंय असं वाटलं पाहिजे."

टेलर गळ्यातल्या टेपशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "वाटेल की."

त्यानं कापड तीनदा धुतलं, कॉलरी घासून विटवल्या, जीव ओतून काम केलं. फक्त ठिगळ तीन शर्टांना डाव्या कोपरावर लावलं आणि दोन शर्टांना उजव्या. प्रचारवाल्यानं ठिगळं मोजली. पाच भरली. खूश होऊन गेला.

सभा सुरू झाल्या. साहेब कोपर वर करून गहिवरायचे, "हे ठिगळ माझ्या आईच्या हातचं! आजही तोच शर्ट अंगावर आहे!" लोक डोळे पुसायचे.

पाचव्या सभेनंतर शेजारच्या मोबाइलवाल्यानं, म्हणजे टेलरच्या शाळेपासूनच्या दोस्तानं, पाचही सभांचे फोटो एका ओळीत जोडले आणि दिले सोडून. ठिगळ डावीकडून उजवीकडे, उजवीकडून परत डावीकडे. दुपारपर्यंत ज्याच्या त्याच्या फोनवर तेच. सहाव्या सभेत साहेबांनी कोपर वर केलं आणि मागून एक बाई ओरडली, "साहेब, आज कुठल्या हाताची पाळी?"

मंडप हसून लोळला. साहेब वाक्य अर्ध्यावर टाकून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी प्रचारवाला धापा टाकत हजर.

"वाट लावलीस आमची! पण थांब, कुणीतरी फोटो उलटे फिरवले म्हणून सांगतो."

"शर्टाचा खिसा बघा. पाचही फोटोंत डावीकडेच आहे."

त्यानं फोनवर फोटो मोठे करून पाहिले.

"मग टेलर चुकला म्हणून सांगा," टेलर म्हणाला. "माझी ना नाही. फक्त लोक विचारतील, आईच्या ठिगळाला टेलर कशाला लागला?"

प्रचारवाल्यानं फोन खिशात टाकला. "आम्ही तुझं काय घोडं मारलं होतं रे?"

टेलरनं आत बोट दाखवलं. आई चाचपडत बटणं निवडत बसली होती. "तुमच्या होर्डिंगवरची बाई. ओळखली नाहीत?"

तो निघून गेला.

"लोक हसले म्हणतोस," आई म्हणाली. "मोठ्यानं?"

"मंडप हलला, आई."

"आणि त्याला बसावं लागलं?"

"मटकन."

"परत सांग."

त्यानं परत सांगितलं. तिनं तीनदा ऐकलं.

तेवढ्यात मोबाइलवाला आला, चेहरा उतरलेला. "फोटो माझ्या फोनवरून गेलेत, लेका. शोधत येतील."

"मी जोडले म्हणून सांगेन."

"तू? तुला धड फोटो पाठवता येत नाही. कोण विश्वास ठेवेल?"

टेलरनं कात्री खाली ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं. "मग बस इथं. आत्ता शिकव. त्यांच्यासमोर जोडून दाखवेन. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, मारलं तरी नाही. शब्द देतो."