हात बसला नाही म्हणे!

पुतणीला वाटलं होतं, जिना चढतानाच मशीनची घरघर कानावर येईल. काकूचं घर म्हणजे तो आवाज. ती शिकायला दूर गेली, कायद्याची पदवी घेतली, आणि परतताना सगळा प्रवासभर तोच आवाज मनात घोळवत आली. दार उघडलं तर घर चिडीचूप. काकू जमिनीवर बसून ब्लेडनं शिवण उसवत होती, आणि तिच्यासमोर मी उभी होते. नवी कोरी, चकचकीत, निर्लज्ज.

ती शांतता माझी करणी. मी शिलाई मशीन आहे, जन्मतःच खोट घेऊन आलेली. खोट ज्यांनी घातली ते मजेत आहेत आणि जिनं मला विश्वासानं घरी आणलं ती स्वतःला दोष देत बसली आहे. म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

माझ्या सुईचा दांडा ज्या भोकातून वरखाली होतो, ते भोक कारखान्यात केसभर तिरकं पडलं. बाकीच्यांना केस तो केस, शिलाईत तो ओंडका. एकेरी कापडावर मी सरळ चालते. कापडाच्या घड्या आल्या की सुई कलते, दोरा खाली पकडला जात नाही आणि टाका सुटतो. कॉलर, खिसा, कंबरपट्टी, म्हणजे जिथे कपडा टिकायला हवा, नेमकी तिथेच मी दगा देते.

तपासणीसासमोरून मी गेले, तेव्हा तो शेजारच्या माणसाजवळ कुठल्याशा लग्नातल्या जेवणाला नावं ठेवत होता. भाजीतलं मीठ त्याला बरोबर कळलं होतं. माझ्याकडे न बघताच त्यानं माझ्या कपाळावर ‘तपासले’ अशी चिठ्ठी चिकटवली. चारित्र्याचा दाखला इतक्या सहज माणसालासुद्धा मिळत नाही.

मग दुकान. तिथे भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ गिऱ्हाईकं ती वाचत आणि मान खाली घालत, जणू वरून हुकूम आला आहे. पाटी रंगवणाऱ्याला कायदे करायचा अधिकार कुणी दिला, असं एकानंही विचारलेलं मी ऐकलं नाही.

दुकानदार काकूला वहिनी म्हणतो. अशा नात्यांचा भाव त्याला चांगला ठाऊक आहे.

“डोळे मिटून न्या, वहिनी.”

“डोळे मिटून शिवायचंय का मला, भाऊ?”

तो खो खो हसला, पातळ कापडाची एक चिंधी घेऊन त्यानं माझ्यावर सरळ रेघ मारून दाखवली. मी सुरेख चालले. माझं ते चालणं आठवलं की आजही मला शरम वाटते.

काकू शाळेच्या मुलांचे गणवेश शिवते. जुनी मशीन मोडीत घालून तिनं मला आणलं होतं. पहिल्याच कॉलरला मी टाके सोडले. तिनं सुई बदलली, दोरा बदलला, शेवटी मला उचलून दुकानात नेलं. दुकानदारानं पुन्हा ती पातळ चिंधी काढली.

“बघा, लोण्यासारखी चालते! मशीनला काही झालेलं नाही, वहिनी. नव्या मशीनवर हात बसावा लागतो.”

हात बसावा लागतो! जिच्या हातचे सदरे घालून या गल्लीतली पोरं मोठी झाली, तिचा हात म्हणे बसायचा होता. आणि तिनं ते खरं मानलं, याचाच मला जास्त संताप येतो. खोटं बोलणारा एकदाच बोलला. ही मात्र ते रोज स्वतःला ऐकवत राहिली. कधी डोळ्यांना दोष दे, कधी वयाला.

काका तर त्याच्याही वर. “मशीन आपल्याला लाभली नाही,” म्हणाले आणि पेपर उलटला. लाभली नाही! कुणी उघड्या डोळ्यांनी गंडवावं आणि आपण ते नशिबाच्या खात्यावर टाकून मोकळं व्हावं. असे लोक असतील तर दुकानदाराला लबाडी शिकावीच लागत नाही.

मग शाळेतून गठ्ठा परत आला. “तुमच्या हाताला काय झालं हो?” शाळेच्या बाईंनी विचारलं. वाईट हेतूनं नव्हे. पण काकू त्या दिवसापासून माझ्यापाशी बसेना. पुतणी आली, तेव्हा ती तोच गठ्ठा उसवत होती.

“एवढं संपलं की शिवण बंद,” ती म्हणाली. “शाळेला सांगते, दुसरं कुणीतरी बघा. माझा हात गेला.”

पुतणीनं सुटकेसही खाली ठेवली नव्हती. “हात नाही गेला, काकू. मशीन सदोष आहे. दुरुस्त करून मागायचा, बदलून मागायचा, नाहीतर पैसे परत मागायचा तुझा हक्क आहे. ती पाटी हजारदा रंगवली तरी तो जात नाही!”

“अगं, हळू बोल. शेजारी ऐकतील.”

बघा. ज्यानं फसवलं त्याचा आवाज दुकानभर घुमतो, आणि जिला फसवलं तिनं हळू बोलायचं.

दोघी मला घेऊन दुकानात गेल्या. दुकानदार सवयीनं चिंधी शोधू लागला. पुतणीनं काकूच्या पिशवीतली अर्धवट कॉलर काढून त्याच्यापुढे धरली.

“हिच्यावर शिवा. तुमचा हात तर बसलेला असेल.”

दुकानात दोनचार गिऱ्हाईकं होती. त्याला शिवावंच लागलं. मी आयुष्यात इतक्या आनंदानं टाके कधी सोडले नव्हते. एक बाई पुढे वाकून बघत म्हणाली, “अय्या, माझीही असंच करते! मला वाटलं, मलाच जमत नाही.”

दुकानदाराचा चेहरा उतरला. त्यानं घाईघाईनं काकूला बाजूला घेतलं.

“वहिनी, घरची माणसं आपण. माणुसकी म्हणून बदलून देतो. फक्त या कागदावर सही करा. ‘चुकीच्या हाताळणीमुळे बिघाड.’ कंपनीची रीत आहे हो, बाकी काही नाही.”

“चूक यांची आणि सही हिची?” पुतणी उसळली.

“ताई, तुम्हाला मशीन हवीय की भांडण?”

काकूनं कागद घडी करून पिशवीत टाकला. “उद्या सांगते.”

वाटेत पुतणी कलमामागून कलम सांगत होती. काकूनं एवढंच विचारलं, “सही केली, तर हात माझाच वाईट होता असं ठरतं ना?”

“कागदावर तरी तसंच ठरतं.”



वाचणाऱ्यांनो, माझी कीव करू नका. मी लोखंड आहे, मला भंगारातही जागा आहे. पण घरात काही बिघडलेलं निघालं की आधी स्वतःचे हात तपासता ना, ती खोड तेवढी सोडा. आणि जो तुमच्या हक्काला माणुसकीचं नाव देतो, त्याच्याकडून माणुसकी घेऊ नका. तो तुमचंच तुम्हाला भीक म्हणून वाढतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी चहाबरोबर पेनही पुढे सरकवलं.

“करून टाक सही. नवी मशीन येईल. तो कागद वाचतंय कोण?”

“मी वाचलाय.”

“अगं, रोज त्याचं तोंड बघायचंय आपल्याला.”

“मग त्यालाही माझं बघू दे की.”

काकांनी मदतीसाठी पुतणीकडे पाहिलं. ती तक्रारीचा मजकूर लिहायला बसली होती, मान वर करायला तिला सवड नव्हती.

काकूनं तो कागद सही न करता, होता तसाच पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवला. “हाही जोड. ग्राहक न्यायालयाला कळू दे, काय लिहून मागत होता ते. आणि त्या दुकानातल्या बाईंनाही विचार, येतात का सोबत.” मग तिनं शाळेत फोन लावला. “बाई, कॉलरी मीच शिवणार आहे. हात ठीक आहे माझा. मशीन खराब निघाली.”

हे तिनं खणखणीत आवाजात सांगितलं. खिडकी उघडीच होती.

“हिला कुणी तेल घालायचं नाही, स्क्रूला हात लावायचा नाही,” ती माझ्यावर चादर टाकत म्हणाली. “निकाल लागेपर्यंत आहे तशी राहील. कॉलरी शिवायला इथे शेजारणीची मशीन येतेय, तेव्हा हिला आतल्या खोलीत नेऊ. उठा, एका बाजूनं धरा.”

काकांनी पेपर खाली ठेवला आणि मला धरलं.