ऑन्टी डेलचा नंबर

आमच्या ऑफिसातली कादंबरी मला आवडत नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरात तिला जागा मिळेपर्यंत ती दोन महिने आमच्याच वरच्या खोलीत राहिली, आणि ऑफिसात तिच्या डब्यात माझ्याच हातची पोळीभाजी असायची. पण सिनेटर पिकेट ऑफिसात आल्या आणि माझ्या टेबलावरून पुढे जाऊन तिच्यापाशी थांबल्या, की माझ्या पोटात दुखायला लागायचं. त्याला औषध नाही. शोधून पाहिलंय.

सहा वर्षं मी सिनेटरबाईंकडे आहे. वीज, सरकारी जमिनी आणि इथल्या मूळ रहिवाशांचे प्रश्न, या तिन्ही फायली माझ्या. बाईंचं मत सरळ आहे. कोळसा बंद व्हायला हवा, पण खाणीतल्या माणसांना वाऱ्यावर सोडून नाही. पवनचक्क्या हव्यात, विजेच्या तारा हव्यात. आणि जंगल कागदावर सरकारचं असलं, तरी जे आधीपासून तिथले आहेत त्यांना विचारायचं आणि मगच खांब रोवायचे. ‘आधी विचारा’ हे त्या पार्लमेंटात ठासून म्हणतात. ते वाक्य लिहिलं कुणी? मी. टाळ्या कुणाला? जाऊ दे.

कादंबरी वर्षापूर्वी आली, मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीतून शिकून. पहिल्या आठवड्यात मला ताई म्हणाली, दुसऱ्या आठवड्यात तू. मी शिकवलेलं सगळं ती एका निळ्या वहीत लिहायची, समासात तारीख घालून. वहीवर चक्क लिहिलं होतं, ‘ताईने सांगितलेलं’. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

मग बाईंनी जाहीर केलं की जमीन आणि ऊर्जेसाठी एक सल्लागार कॅनबेराला न्यायचाय. “तुम्हा दोघींपैकी एक.” आणि जंगलातून जाणाऱ्या नव्या वीजवाहिनीवरचं भाषण दिलं कादंबरीला. मला म्हणाल्या, “मीनाक्षी, तिला हँडओव्हर दे, हं.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं त्या जंगलातल्या गावाच्या खेपा घातल्या मी, आणि भाषण लिहिणार ही.

हँडओव्हर मी दिला, नीट दिला. नकाशे, पत्रं, कमिटीतल्या माणसांची नावं. एकच गोष्ट दिली नाही. त्या गावाला जायच्या आधी मी दरवेळी ऑन्टी डेलला फोन करते. ऑन्टी डेल चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या लोकांत मोठ्या बाईला ऑन्टी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसंच. तिला ईमेल चालत नाही. फोन करायचा, तब्येत विचारायची, मग म्हणायचं, “येऊ का? सभेत नावं कुणाची घ्यायची?” कारण जंगलातल्या ओढ्याच्या अलीकडे तिचे लोक, पलीकडे दुसरे, आणि सरकारी नकाशावर नाव फक्त पलीकडच्यांचं. हे कुठल्याच फायलीत नाही. ते माझ्या डोक्यात होतं.

“ताई, अजून काही राहिलं?” कादंबरीने विचारलं होतं.

“नाही गं. झालं सगळं.”

गुरुवारी सकाळी आम्ही तीन तास गाडी चालवत तिथे पोचलो. बाई त्यांच्या गाडीने आल्या. सभेचा हॉल ओढ्याच्या अलीकडे आहे. इथे प्रत्येक सभेची सुरुवात ती जमीन मुळात ज्यांची, त्यांचं नाव घेऊन होते. बाईंनी कागद उलगडला आणि पलीकडच्या लोकांचं नाव वाचलं. पुढच्या रांगेत ऑन्टी डेलने पायाशी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. मी पंधरा दिवस याच क्षणाची वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

बाई ‘आधी विचारा’पर्यंत आल्या तेव्हा ऑन्टी डेल उठली.

“सिनेटर, तुम्ही ओढ्याच्या आमच्या बाजूला उभ्या आहात, आणि आम्हाला फोन आला नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. “सहा वर्षं मीनाक्षी फोन करायची. मला वाटलं, ही तुमची रीत आहे. ती तिच्या एकटीचीच होती तर.”

ती निघून गेली. तिच्यामागे तिच्या घरचे अकरा जण गेले. दहा मिनिटांत सभा आटोपली.

पार्किंगमध्ये बाई आमच्यासमोर उभ्या राहिल्या. “फोन कुणी करायचा होता?”

“मी,” कादंबरी म्हणाली. “मीनाक्षीने सांगितलं असणार. माझ्याकडून राहिलं.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. “मीनाक्षी, सोमवारी माझ्याबरोबर कॅनबेराला चल.”

सहा वर्षं हे ऐकायची वाट बघितली, आणि ऐकलं तेव्हा नुसती मान हलवली.

परतताना गाडी मी चालवत होते. कादंबरी शेजारी निळी वही उघडून बसली होती. रडत नव्हती. पहिल्या पानापासून एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. तासभर झाला तरी तेच.

“काय शोधतेस?”

“फोनचं तू कधी सांगितलंस ते. इथेच असणार, ताई. तू काही राखून ठेवणारी नाहीस.”

मला तिचा हेवा वाटला. नोकरीचा नाही, ती तर मलाच मिळाली होती. एखाद्यावर असा भरवसा टाकता येतो, त्याचा. मला तो कधी जमला नाही.

तिने वही मिटली, पुन्हा उघडली. “जाऊ दे. ऑन्टीचा नंबर दे. उद्या सकाळी फोन करून माफी मागते.”

नंबर मला पाठ आहे. मी एकेक आकडा सांगत गेले, ती लिहीत गेली. मग सवयीने तिचं पेन समासाकडे गेलं आणि तिथे थांबलं.

“तारीख कुठली घालू? साधारण कधी सांगितलं होतंस?”

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“आजची घाल,” मी म्हणाले.

तिने आजची तारीख लिहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.