तीन वेळा तेच उत्तर

पेणजवळच्या जोहे गावात मूर्तींचे रंगारी पुष्कळ, पण आखणीला, म्हणजे गणपतीचे डोळे काढायला, बोलावणं यायचं ते गोविंदालाच. छत्तीस वर्षं तो हेच करत होता. बाकीचे कुंचल्याच्या चार-पाच फटक्यांत डोळा जमवायचे. गोविंदा श्वास धरायचा, एक रेघ वर, एक खाली, मध्ये बुबुळ, आणि पुढची मूर्ती. दिवसाला शंभर डोळे काढले तरी शंभरही सारखे. या गोष्टीचा त्याला माज होता म्हटलं तरी चालेल, आणि तो लपवायचीही त्याला कधी गरज वाटली नाही.

इंग्रजीशी त्याचा संबंध मात्र खोक्यांवरच्या देशांच्या नावांपुरता. परदेशी जाणाऱ्या मूर्ती खोक्यांत भरायच्या, लांबचा देश आधी. त्यामुळे गोविंदाच्या डोक्यात जगाचा नकाशा नव्हता, कॅलेंडर होतं. कॅनडा-अमेरिका म्हणजे शिमग्याच्या आधी, मॉरिशस उन्हाळ्यात, दुबई अगदी शेवटी. कॅनडा एवढा लांब आहे की तिथला गणपती थंडीतच निघावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. तिथे आपली पोर दहा वर्षं राहत होती, हे मात्र त्याच्या मनाने कधी नीट मान्य केलं नव्हतं.

ती पोर, अपेक्षा, गेल्या दिवाळीत परत आली. तिकडे नर्स होती. येताना सात वर्षांच्या स्पृहाला घेऊन आली आणि आठवड्याभराने सांगितलं की आता जायचं नाही, विराजशी पटत नाही. विराज रोह्याचा, शिकलेला, घर चांगलं. दारू नाही, मारहाण नाही. दोघांनी एकमेकांशी बोलणं कधीच टाकलं होतं, एवढंच. तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि स्पृहा त्याला आपले पडलेले दात दाखवायची. तेवढ्या वेळात गोविंदा काम नसतानाही अंगणात जायचा.

मग विराजने लावलेल्या दाव्याचा कोर्टाचा कागद आला. मुलीचा जन्म कॅनडाचा, पासपोर्ट कॅनडाचा, आईने न विचारता आणली, परत पाठवा. पेणच्या वकिलांनी समजावलं की कोर्टाने नेमलेल्या एक बाई घरी येतील, मुलीशी एकटीशी बोलतील आणि त्यांच्या अहवालाला मोठं वजन असेल. उठताना ते बजावून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. पोरीला काही पढवू नका."

गोविंदाने हे ऐकलं. पण ऐकणं वेगळं आणि घेणं वेगळं.

त्या कागदावर एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. त्याने तो बोट ठेवून स्पृहाला दाखवला. "हे काय गो?"

"कॅनेडियन. जो कॅनडाचा, तो कॅनेडियन, आजोबा."

"न् आपून?"

"इंडियाचे इंडियन."

इथून शिकवणी सुरू झाली. आधी नात शिकवायची आणि आजोबा शिकायचे. मॉरिशसचा मॉरिशियन, फिजीचा फिजियन, अमेरिकेचा अमेरिकन. जपानपाशी गोविंदा अडला. जॅपनीज? आणि फ्रान्सचा फ्रेंच, हॉलंडचा तर डच! "ह्यो कंचा न्याय? बापाचं नाव एक न् पोराचं भलतंच!" तो चिडायचा आणि स्पृहा शाडूच्या पोत्यावर हसून हसून लोळायची. सरू, त्याची बायको, चुलीपासून ओरडायची की म्हातारपणी बालवाडी काढलीय. ते दहा-बारा दिवस त्या घरात खरोखर आनंद होता.

पण गोविंदाच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. सगळा झगडा एका शब्दाचा, हे त्याने आपल्या अकलेने ताडलं होतं. पोरीच्या तोंडी कॅनेडियनऐवजी इंडियन पक्कं बसलं, की बाई तेच लिहितील. आणि पक्कं कसं बसवायचं, हे जोह्यात त्याच्याहून जास्त कोणाला कळत होतं?

कारखान्यात नवीन पोरगं आखणी शिकायला आलं की त्याला फुटक्या मूर्तींची डोकी देतात. रोज शंभर डोळे. मन लावून नव्हे, मन काढून. "विचार केलास की डोळा तिरळा व्हतो," हे गोविंदाचं ठरलेलं वाक्य. हात बसला पाहिजे. हात बसला की माणूस झोपेतही चुकत नाही.

तसंच त्याने नातीला बसवलं. अपेक्षा पेणच्या दवाखान्यात कामाला गेली की दुपारी दोघं कारखान्याच्या कोपऱ्यात. "माय नेम इज स्पृहा. आय ॲम इंडियन. माय मदर इज इंडियन. माय ग्रँडफादर इज इंडियन. आय लिव्ह इन जोहे. आय वाँट टू स्टे हिअर." सहा वाक्यं. पोरीनेच जुळवून दिली होती, आजोबांचा खेळच आहे असं समजून. एक शब्द पुढे-मागे झाला की गोविंदा थांबवायचा, "पयल्यापासून." आईला सांगायचं नाही, गंमत आहे, हेही त्यानेच ठरवलं. पढवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला वकील लागत नाही.

बाई मंगळवारी दुपारी आल्या; अपेक्षा त्यासाठी रजा घेऊन घरी होती. साधी साडी, हातात फाईल, बोलणं गोड. पडवीत स्पृहाजवळ बसल्या आणि बाकीच्यांना कारखान्यात थांबायला सांगितलं. मध्ये प्लास्टिकचा पडदा होता. कान देऊ नये म्हणून कोणी कान झाकले नाहीत.

बाईंनी घरातल्या मांजराचं विचारलं, दातांचं विचारलं. मग म्हणाल्या, "तुला कुठे राहायला आवडतं गं?"

"माय नेम इज स्पृहा. आय ॲम इंडियन..." सहाही वाक्यं, घडी न मोडता.

गोविंदाने हातातला कुंचला खाली ठेवला.

बाईंनी चित्र काढायला लावलं. बोलता बोलता विचारलं, "टोरांटोची शाळा कशी होती?" पुन्हा तीच सहा वाक्यं. थोड्या वेळाने, "समजा तुला जगात कुठेही जायला मिळालं, तर?" पुन्हा तीच. त्याच क्रमाने, त्याच सुरात, वाक्य संपताना आवाज तसाच खाली.

तीनदा! एक अक्षर हललं नाही. गोविंदाची छाती भरून आली. हात बसला पोरीचा. त्याने सरूकडे बघून भुवया उडवल्या, जणू म्हणत होता, बघ. मग त्याने अपेक्षाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

पडद्यापलीकडे बाई हळूच म्हणाल्या, "किती छान पाठ आहे. कोणी शिकवलं?"

"आजोबांनी. चुकलं की पहिल्यापासून."

"आणि डॅडींबद्दल काय सांगशील?"

चित्राची पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"डॅडींचं वाक्य नाहीये त्यात," स्पृहा म्हणाली. मग अगदी हळू, "डॅडी पण चांगले आहेत. पण आजोबांना नका सांगू."

बाईंचं पेन बराच वेळ कागदावर चालत राहिलं.

बाईंची रिक्षा वळली आणि अपेक्षाने तोंड उघडलं. "आप्पा, वकिलांनी काय सांगितलं होतं?"

"पन पोर एकदा पन चुकली नाय गो!"

"तेच तर! तीनदा तीन प्रश्न आणि तेच उत्तर. खरं बोलणारं पोर तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगतं, अडखळतं, मध्येच मांजराचं सांगतं. त्यांनी काय लिहिलं असेल, कळतं का तुम्हाला?"

"करायला गेलात गणपती न् झाला मारुती," सरू म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

अपेक्षा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "पहिल्याच महिन्यात ती मला कुशीत शिरून म्हणाली होती, आई, आपण इथेच राहूया का. कोणी शिकवलं नव्हतं. तिला खरंच राहायचं होतं, आप्पा. मला वाटलं होतं, बाईंना ती तसंच सांगेल. आता तिने सांगितलं तरी कोण खरं मानणार?"

गोविंदा खाली बसला. डोळा बिघडला तर चेहऱ्यावरचा रंग खरवडून तो पुन्हा काढता येतो. बाईंच्या फाईलवर त्याचा हात पोचणार नव्हता. आपल्या नातीच्या मनातली खरी गोष्ट आपण आपल्याच हाताने खोटी करून टाकली, हे त्याला तेव्हा पुरतं कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली, अशी की पोरीकडे मान वर करून बघवेना.

स्पृहा पळत आली आणि त्याच्या गुडघ्यांवर रेलली. "आजोबा, एकदाही चुकले नाही मी. बरोबर आलं ना सगळं?"

"व्हय गो बाय," तो म्हणाला, "समदं बरोबर आलं."

"मग आता मला पाठवणार नाहीत ना?"

गोविंदा मान खाली घालून तिच्या फ्रॉकला लागलेली शाडूची माती झटकत राहिला.