नऊ मिनिटांची तालीम

नऊ मिनिटांत काय काय होऊ शकतं, याचा तिने पक्का विचार केला होता. दोन बॅगा, एक बाबागाडी, साडेतीन वर्षांची पोर आणि चार नंबरच्या फलाटावरून अकरा नंबरचा फलाट. परदेशातली पहिलीच सहल, चार शहरं, सगळा प्रवास आगगाडीने. तिसऱ्या शहरात गाडी बदलायची होती, आणि त्यासाठी होती फक्त नऊ मिनिटं.

औषधांच्या कारखान्यात ती लेबलं तपासायची. एक शून्य जास्त पडलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, या धाकात तिने सहा वर्षं काढली होती. अशा बाईच्या घशाखाली नऊ मिनिटं कशी उतरावीत? दारं मिटताहेत, आपण आत आहोत आणि पोर फलाटावर राहिली आहे, हे तिला भात परततानासुद्धा दिसायचं. शेवटी तिने ठरवलं, घरीच तालीम करायची.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या बैठकीत आल्या. दोन शेजारी-शेजारी, समोर एक पोरीची. ही गाडी. उघड्या दाराबाहेरची जिन्याजवळची मोकळी जागा म्हणजे फलाट. सासूबाई स्टेशनमास्तर झाल्या; त्यांच्या एका हातात स्टीलची ताटली, दुसऱ्या हातात चमचा. शहरांची नावं पोरीच्या जिभेला वळत नव्हती, म्हणून चित्रांवरून नावं पाडली होती: कारंज्याचं शहर, पुलाचं शहर, घड्याळाचं शहर आणि समुद्राचं शहर.

"तुझ्या लग्नाची तयारी चार दिवसांत उरकली होती रे," सासूबाई मुलाला म्हणाल्या.

"म्हणून तर असा फसलो," नवरा म्हणाला आणि बायकोच्या गळ्यात अडकवलेल्या तिकिटांच्या पाकिटाकडे बोट दाखवून पुढे म्हणाला, "आणि आता गळ्यातला ताईतसुद्धा मी नाही राहिलो. हे पाकीट आलं."

पोरीला सगळे खारू म्हणत. खाऊ गालात साठवून ठेवायची सवय होती तिला. खारू शहाण्यासारखी खुर्चीत बसली. कारंज्याचं शहर झालं, पुलाचं झालं. सासूबाईंनी तिसऱ्यांदा ताटली वाजवली, तशी ती टुणकन खाली उतरली आणि कुणाचीही वाट न बघता दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

"अगं, बॅगा घेऊ दे की आधी! आईचा हात धरायचा असं ठरलंय ना?" ती मागून ओरडली.

"धरलाय," खारू म्हणाली. तिचा उजवा हात थोडा वर होता, मूठ अर्धवट मिटलेली.

नवऱ्याला हसू आवरेना. तिने मात्र बॅग टाकून ती मूठ आपल्या हातात घेतली.

त्या दिवशी तीन वेळा तालीम झाली. तिन्ही वेळा खारू तिसऱ्या ताटलीला उतरली आणि गाडीकडे पाठ करून उभी राहिली. दुपारी खारूची वेणी घालताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "घड्याळाच्या शहरात काय आहे गं एवढं?"

"मोठं घड्याळ. त्याला काटे नाहीत."

"चित्रात तर आहेत."

"तिथे नाहीत."

त्या स्टेशनाची माहिती तिने पुन्हा उघडली. इतक्या वेळा वाचूनही नजरेतून निसटलेली एक ओळ तळाशी होती: दुरुस्तीसाठी मुख्य घड्याळाचे काटे उतरवले आहेत, प्रवाशांनी फलाटावरच्या पाट्या पाहाव्यात. साडेतीन वर्षांच्या पोरीला अजून स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने कुणाला न विचारता बेत बदलला. घड्याळाचं शहरच काढून टाकलं. पुलाच्या शहरातून थेट समुद्राच्या शहरापर्यंत जाणारी गाडी मिळाली. मध्ये कुठेच उतरायचं नव्हतं.

"आता काय झालं?" नवरा वैतागला. "तेच एक शहर मला बघायचं होतं."

"नऊ मिनिटं कमी पडतात."

"तालमीत सहा मिनिटांत होतंय सगळं!"

"नको म्हटलं ना," ती म्हणाली. कारण सांगायला तोंड उघडलं असतं तर त्याने तिला वेड्यात काढलं असतं.

पुढच्या रविवारी पुन्हा खुर्च्या मांडल्या. कारंजं, पूल. मग सासूबाईंनी ताटली मांडीवर उलटी ठेवली, कारण आता मध्ये थांबायचं नव्हतं. बैठकीत शांतता होती. आणि त्या शांततेत खारू उठली, खुर्चीवरून उतरली आणि दाराकडे चालू लागली.

"खारू! ते शहर आता नाहीये आपल्या वाटेत."

"आहे. गाडी थांबत नाही, पण हळू होते."

"मग उतरायचं कशाला?"

"ती हाक मारते ना."

"कोण?"

"आई."

"आई मी आहे. इथे बसलेय."

खारूने तिच्याकडे नीट बघितलं. दुकानात दोन बाहुल्या समोर ठेवल्या की बघायची, तसं. "तू आतली," ती म्हणाली. "ती खालची."

सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पोरं काहीही बोलतात गं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं तुझं व्हायला लागलंय. पोर इथे डोळ्यांसमोर आहे आणि तू तिला परदेशात शोधतेस."

त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "जायलाच नको." त्याने कूस बदलली. चार महिने साठवलेल्या रजा, मिळालेले व्हिसा, भरून ठेवलेल्या बॅगा, सगळं त्या कूस बदलण्यात होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या तिला सुचलं: पोर हाकेला जाते. मग हाक मारणारी मीच का होऊ नये? खाली एकच आई असेल, आणि ती मी असेन.

तिसऱ्या रविवारी लख्ख ऊन होतं. खुर्च्या, बॅगा, ताटली, सगळं तेच. नवरा वर्तमानपत्र उघडून बसला. प्रवासी म्हणून त्याचं तेवढंच काम होतं. पूल गेला. खारू हलायच्या आत तीच उठली.

"तू कुठे निघालीस?" तो पानाआडून म्हणाला.

"आलेच. जागा धर माझी."

तिने गळ्यातलं पाकीट काढून आपल्या खुर्चीवर ठेवलं आणि दाराबाहेर गेली. जिन्याजवळची फरशी पायाला गार लागली. घरात असतो त्यापेक्षा मोठा आवाज काढून तिने हाक मारली, "खारू!"

पोर धावत आली. आनंदाने, उशीर झाल्यासारखी. खारूने आपला हात आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "आलीस?"

तिचा जीव भांड्यात पडला. ती खाली बसली, पोरीला छातीशी घट्ट धरलं. हीच हाक होती तर. दुसरं कुणी नव्हतंच. ती आपल्याच सावलीला भीत होती. तिला हसू आलं. पोरीला कडेवर घेऊन आत जावं म्हणून ती उठू लागली, पण खारूने तिचा हात मागे ओढला.

"आता नाही चढायचं. गाडी निघाली."

"खेळ संपला बाळा, चल आत."

खारू बैठकीकडे वळली आणि मोकळ्या हाताने टाटा करू लागली. बाबांकडे बघून नाही. त्यांच्या शेजारच्या खुर्चीकडे बघून. "टाटा, आई."

आत नवऱ्याने पान उलटलं. नजर वर न करताच तो शेजारच्या खुर्चीला म्हणाला, "तिकिटं तुझ्याकडेच आहेत ना?"

"हो," असं ती दारातून म्हणणारच होती. पण त्याच्या आधीच त्याने मान हलवली. "बरं. दे इकडे."

पाकिटाची चेन उघडल्याचा आवाज तिने स्पष्ट ऐकला. नवऱ्याचा एक हात वर्तमानपत्रावर होता, दुसरा तळवा वर करून बाजूला पसरलेला. तिकिटं त्या तळव्यावर आली. त्याने ती मोजली, स्वतःचं नि पोरीचं अशी दोन ठेवून घेतली आणि तिसरं न बघताच परत केलं.

तिला ओरडायचं होतं. पण ओरडलं तर आतून कोण ओ देईल, हे तिला कळेना. तिने खारूचा हात तेवढा आणखी घट्ट धरला.

सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवला, खुर्च्यांकडे बघून समाधानाने मान डोलावली आणि समुद्राच्या शहरासाठी मांडीवरची ताटली उचलली.