शेवटचा वार माझा

मित्रांनो, मी एक जुना खंजीर आहे. दचकू नका, खोटा आहे. माझं पातं पत्र्याचं, मूठ लाकडाची आणि मुठीच्या पोटात मोडक्या टॉर्चमधून काढलेली स्प्रिंग. कोणाच्या अंगाला टेकवून मला दाबलं, की पातं गुपचूप मुठीत शिरतं आणि बघणाऱ्याला वाटतं, गेला बिचारा! आजवर मी कोणाला साधा ओरखडाही काढलेला नाही. तरी पहिल्या रांगेतली भली भली माणसं मला बघून डोळे मिटून घेत, आणि खरं सांगतो, मला त्याचा फार अभिमान होता.

एका नाटकमंडळीच्या सुताराने मला घडवलं. त्यांचं नाटक परदेशी, शेकडो वर्षांपूर्वीचं. त्यात एक सत्ताधीश असतो. हा असाच मोठा होत गेला तर उद्या कोणाचंच ऐकणार नाही, या भीतीने त्याच्या सभेतलेच लोक त्याला घेरून मारतात. शेवटचा वार करतो त्याचा जिवलग मित्र. तो वार म्हणजे मी! बाकीच्यांच्या हातात नुसत्या लाकडी पट्ट्या, रंग दिलेल्या.

सत्ताधीशाचं काम करणारे गृहस्थ दिवसा चष्म्याच्या दुकानात बसत, पण सगळे त्यांना सरकार म्हणत. मित्राचं काम करत शाळेतले एक मास्तर. दोघांची लहानपणापासूनची दोस्ती. वाराच्या वेळी सगळे मारेकरी प्रेक्षकांकडे पाठ करून गोल उभे राहायचे. त्या गोलाच्या आत काय चालतं, ते फक्त मला ठाऊक. मी सरकारांच्या पोटाशी, मास्तर त्यांच्या खांद्यावर वाकलेले, आणि सरकार हळूच म्हणायचे, "जपून रे, सकाळपासून कंबर धरलीये."

"मग पड ना लवकर," मास्तर कुजबुजायचे. "माझा हात अवघडलाय."

कधी मास्तर सांगत, "पोरगी पास झाली." कधी सरकार सांगत, "आईला आज दवाखान्यातून घरी आणलं." मग सरकार धाडकन पडायचे आणि अख्खं नाट्यगृह हळहळायचं. घरातलं सुखदुःख त्या दोघांनी असं मरता मरता, मारता मारता वाटून घेतलं. मी मध्ये गप्प असायचो आणि मला फार बरं वाटायचं.

मग एक दिग्दर्शिका आल्या. त्यांना या नाटकाचा सिनेमा करायचा होता. नाटकात पानभर चालणारं बोलणं त्यांनी पेन्सिलीने खोडून टाकलं. म्हणाल्या, "हे तोंडाने नको. चेहरा सांगेल." मित्राचं काम त्यांनी मास्तरांनाच दिलं, मलाही बोलावलं. सत्ताधीशासाठी मात्र निर्मात्यांना पोस्टरवर शोभणारा चेहरा हवा होता, म्हणून एक नामांकित नट आले. सरकारांना कोणी विचारलंच नाही.

मास्तर सरकारांना हे सांगणार होते. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. प्रयोग संपला की तोंड उघडायचे आणि "चल, निघतो" म्हणून निघून जायचे. शेवटी दुकानात एका गिऱ्हाइकाने नवा चष्मा लावून बघता बघता सरकारांना विचारलं, "तुमचे मास्तर सिनेमात चालले म्हणे? आणि तुम्ही?" त्या दिवशीच्या प्रयोगात सरकार काही न बोलता पडले. पुढच्या प्रयोगापासून मास्तरांच्या जागी त्यांनी मंडळीला बँकेतला एक कारकून घ्यायला लावला. दोघांचं बोलणं बंद झालं. मला तर दोन्हीकडून रडू येत होतं, पण पत्र्याला रडून चालत नाही, गंज चढतो.

सिनेमाची ती जागा मला अजून अर्धवट झोपेत पाहिल्यासारखी आठवते. एका मोठ्या गोदामात दगडी खांब उभे होते, आतून पोकळ. बाहेर लख्ख ऊन आणि आत कायमची संध्याकाळ. जमिनीवरून पांढरा धूर सरकायचा, त्यात सभेतले लोक घोट्यापर्यंत बुडालेले असायचे आणि कुठेतरी खांबाआड टेलिफोन वाजत राहायचा. शहर कुठलं, काळ कुठला, काही कळू नये, असं दिग्दर्शिकाबाईंनी ठरवलं होतं. मी मास्तरांच्या कमरेला लटकून त्या धुरात तरंगायचो. आपण खरोखरच कोणाचं तरी राज्य उलथवणार, असं मला तिथे वाटायला लागलं.

पण वाराचं दृश्य काही जमेना. इथे कॅमेरा गोलाच्या आत आला होता, थेट मास्तरांच्या तोंडासमोर. पाठ करून सुटायची सोय नाही. नट सभ्य होते, नीट उभे राहत, नीट मरत. मास्तरांचा चेहरा मात्र हजेरी घेतल्यासारखा कोरडा. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. बाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, आपल्याच माणसाला मारताना आत काय तुटतं, ते मला दिसलं पाहिजे. ते नाही दिसलं, तर हा सिनेमा म्हणजे नुसता एक खून."

दुसऱ्या दिवशी नट नव्हते. फक्त मास्तरांचा चेहरा टिपायचा होता, त्यासाठी कॅमेऱ्याला लागून समोर कोणीतरी उभं राहायला हवं होतं. धुरातून सरकार चालत आले. बाईंनी त्यांना बोलावलं होतं. मास्तर पांढरेफटक पडले.

"नाटकासाठी आलोय," सरकार म्हणाले. "तुझ्यासाठी नाही."

कॅमेरा सुरू झाला. मास्तरांनी मला उचललं. मी त्या ओळखीच्या पोटाला टेकलो. सरकार वाकले आणि मास्तरांच्या कानाशी म्हणाले, "मला आधी सांगायचंस रे. मी स्वतः तुला इथे सोडायला आलो असतो."

मित्रांनो, मास्तरांचा चेहरा मी खालून पाहिला. तो पुन्हा बघायची माझी छाती नाही.

"मध्ये कोणीतरी बोललं, बाई," ध्वनिमुद्रक कुरकुरला.

"आवाज काढून टाकू," बाई म्हणाल्या. "चेहरा राहू दे."

मास्तर तिथेच धुरात खाली बसले. "चुकलो. तुला वाईट वाटेल म्हणून घाबरलो."

"वाईट वाटलंच. अजून वाटतंय." सरकारांनी मला उचलून घेतलं, माझं पातं रुमालाने पुसलं आणि मूठ मास्तरांच्या पुढे धरली. "शूटिंग संपलं की तालमीला ये. तो बँकवाला मला मारताना सॉरी म्हणतो."

तर मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना कधीमधी तेलाचे दोन थेंब द्या, आमचं तेवढ्यावर भागतं. मात्र तुमची चांगली बातमी तुमच्या मित्राला परक्याकडून कळू देऊ नका. अडखळत सांगा, घाबरत सांगा, पण तुम्हीच सांगा. बाकी पोटात खंजीर खुपसायचं काम आमच्यावर सोडा. आम्ही खोटे आहोत, आमच्याने कोणी मरत नाही.