मिस्त्रींची दहा बोटं

मिस्त्रींच्या दहा बोटांपैकी एकावरही धड रेघ उरलेली नाही, ही गोष्ट त्यांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळली, तीही एका काचेच्या खिडकीसमोर, मागे चाळीस माणसांची रांग उभी असताना.

हजला जाणाऱ्यांचे बोटांचे ठसे घ्यायचं ते केंद्र होतं. बायकोची दहाही बोटं दोन मिनिटांत उरकली होती. यंत्रावर दहा वेळा हिरवा दिवा लागला आणि ती पर्स सावरत बाजूला उभी राहिली. मिस्त्रींच्या पहिल्याच बोटाला लाल दिवा लागला. दुसऱ्याला लाल. तिसऱ्यालाही लाल.

"काका, जरा दाबून ठेवा," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"दाबतोय की."

"अजून थोडं."

"बाळा, याहून दाबलं तर काच फुटेल."

तिने काच पुसली, मिस्त्रींची बोटं ओल्या कागदाने पुसली, मग कोरड्या कागदाने पुसली. यंत्र काही ऐकेना. शेवटी तिने त्यांचा हात उलटा करून पाहिला आणि विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

"फरशी बसवतो. छत्तीस वर्षं झाली."

"सिमेंट," ती म्हणाली. डॉक्टर आजाराचं नाव सांगतात तशी. "सिमेंटने खाल्लंय सगळं. पण घाबरू नका, कातडी परत येते. तीन आठवडे कशाला हात लावू नका. तुमच्या गटासाठी वीस तारीख शेवटची आहे. त्या दिवशी या."

"आणि त्या दिवशीही नाही आलं तर?"

"मग वर पत्र पाठवावं लागतं. उत्तर येतं, पण कधी येईल ते मी नाही सांगू शकत."

विमान वीस तारखेच्या पुढच्याच महिन्यात होतं. नऊ वर्षं अर्ज करत होते दोघं. दर वर्षी यादी लागायची, दर वर्षी दोघं ती वरून खाली आणि मग खालून वर वाचायचे, आणि नाव नसायचं. यंदा नाव लागलं होतं. बायकोचे गुडघे अजून चालते होते. आणखी दोन वर्षांनी असतील की नाही, सांगता येत नव्हतं.

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "माझं नाही जमलं तर तू जा. गटात बाकीच्या बायका आहेत सोबतीला."

"तुम्ही नाही तर मी नाही," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. विषय तिथेच संपला. पण मिस्त्रींच्या डोक्यातून तो जाईना. स्वतःचं बुडालं असतं तर एक वेळ सोसलं असतं. इथे आपल्या बोटांपायी तिचंही बुडत होतं.

घरी मुलीने सूत्रं हातात घेतली. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, रोज शंभर माणसांची बोटं टोचायची, त्यामुळे बोटांच्या बाबतीत तिचा शब्द अखेरचा होता.

"अब्बा, आजपासून काम बंद. सिमेंट नाही, चुना नाही, बागेतली माती नाही. दिवसातून चार वेळा व्हॅसलीन आणि वरून हे सुती हातमोजे. नमाजाआधी वजूसाठी हात धुवायचं पाणी चालेल. भांडी घासायची नाहीत."

"भांडी मी कधी घासली?"

"चला, आता तरी तोंडाने कबूल केलंत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

आणि मिस्त्री घरी बसले. ज्या माणसाने तापातही कधी सुट्टी घेतली नव्हती, तो पांढरे हातमोजे घालून खुर्चीत बसला. दोन दिवसांत त्यांनी घरातली प्रत्येक फरशी नजरेने मोजून काढली आणि कुठली अर्ध्या सुताने वर आहे ते सगळ्यांना सांगून झालं. गल्लीतून चालायला निघाले की पानवाला ओरडायचा, "काय जादूगार, आज टोपीतून ससा काढणार का?" मिस्त्री हसायचे. रोज संध्याकाळी मुलगी भिंग घेऊन बसायची. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ती म्हणाली, "डाव्या करंगळीला काहीतरी दिसतंय." त्या दिवशी घरात करंगळीचं इतकं कौतुक झालं की जणू ती परीक्षेत पहिली आली होती.

दर रविवारी यात्रेकरूंचा वर्ग भरायचा. गटाचे प्रमुख चार वेळा जाऊन आलेले होते, सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणायचे. एहराम, म्हणजे न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं, चालताना सुटणार नाहीत अशी कशी नेसायची, ते त्यांनी पुरुषांना तीन-तीनदा करून दाखवलं. सभागृहाच्या मधोमध एक टेबल ठेवलं, त्याला काबा मानून त्याभोवती सात फेऱ्या मारायला लावल्या. "धक्का देऊ नका, धक्का लागला तर रागावू नका," ते मोठ्याने सांगायचे, आणि लगेच कोणीतरी कोणाच्या तरी पायावर पाय द्यायचं.

त्या रविवारी फेऱ्या झाल्यावर सगळे घाम पुसत बसले असताना हाजीसाहेब म्हणाले, "बॅगा भरायला अजून वेळ आहे. त्याआधी एक काम. ज्याचं कोणाचं तुमच्या हातून वाईट झालंय, त्याच्याकडे जा आणि माफी मागा. फोनवरून नको. दारात उभं राहून मागा."

मिस्त्री तसे कुणाच्या अध्यातमध्यात नसत. आठवडाभरात ते भावाकडे गेले, जुन्या भागीदाराकडे गेले, एका मेहुण्याकडे गेले. प्रत्येकाने "अहो, काय लावलंय हे!" म्हणून चहा पाजला. एक घर मात्र राहिलं होतं. ते मुद्दाम मागे ठेवलं होतं असं म्हणणं जास्त खरं.

अठरा वर्षांपूर्वी त्यांनी शाळेतल्या एका बाईंच्या घरी न्हाणीघराची फरशी बसवली होती. बाई एकट्याच राहायच्या. त्याच सुमारास मिस्त्रींना एका मोठ्या इमारतीचं काम मिळालं होतं आणि पाय तिकडे ओढत होते. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी तांब्याभर पाणी ओतून ढाळ बघितला. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे आलं. बाई बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होत्या. मिस्त्रींनी पाणी फडक्याने टिपलं, त्या जागी बादली ठेवली आणि सांगितलं, "आठवड्याने येऊन एकदा बघून जातो." मग गेलेच नाहीत. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. पुढे बाई रस्त्यात दिसल्या की मिस्त्री गल्ली बदलायचे, शाळेच्या गल्लीतून जाणं तर त्यांनी सोडूनच दिलं. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

मेहुण्याकडून परत आले त्या संध्याकाळी सांगितली. बायकोने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी जाऊ. मी येते."

बाई आता सत्तरीच्या पुढे होत्या, पण नजर तीच, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारी. दार उघडून त्यांनी आधी हातमोज्यांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"मिस्त्री. आठवड्याने येणार होतात."

वाटेत जे काही जुळवून ठेवलं होतं ते सगळं मिस्त्री विसरले. "बाई, ढाळ चुकला होता. मला त्याच दिवशी कळलं होतं. कळूनही गेलो. माफी मागायला आलोय."

"आत या," बाई म्हणाल्या.

न्हाणीघराच्या दाराशी एक जाड फडकं पिळून ठेवलेलं होतं. अठरा वर्षं बाई अंघोळ झाली की वाकून पाणी जाळीकडे लोटत होत्या. अलीकडे वाकणं जमत नव्हतं, म्हणून काठीला फडकं बांधलं होतं. ती काठी बघून मिस्त्रींना मान वर करवेना.

"मी दुरुस्त करून देतो," ते म्हणाले. "फक्त वीस तारखेनंतर..." आणि हातमोज्यांची, ठशांची सगळी हकीकत सांगितली.

बाईंनी शांतपणे ऐकलं. "नंतर येतो, असं तुम्ही मागेही म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. होता तो नुसता हिशोब न लागलेल्या गोष्टीचा थकवा.

मिस्त्री दोन्हीकडून अडकले. हात लावावा तर बोटं गेली, आणि बोटांबरोबर बायकोची नऊ वर्षं. न लावावा तर याच दारातून दुसऱ्यांदा "नंतर" म्हणून जायचं. तेव्हा मागून बायको म्हणाली, "माझी बोटं झालीत ना देऊन. मी करते."

"तू?"

"छत्तीस वर्षं रोज जेवताना फरशी ऐकतेय मी. ताटात वरण कमी आणि सिमेंट जास्त असायचं. सांगा, काय काय आणायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री उलट्या बादलीवर बसले, पांढरे हातमोजे मांडीवर ठेवून. बायकोने साडी खोचली, हातात मुलीने दिलेले रबरी हातमोजे चढवले आणि छिन्नी-हातोडी घेऊन जाळीभोवतीच्या फरश्या उखडायला बसली. गुडघ्यांखाली बाईंनी आपली उशी दिली.

"हळू. कडेने घे. मधे मारू नकोस, शेजारची तडकेल."

"तडकली का?"

"नाही."

"मग?"

मालाचं प्रमाण, पाण्याचा अंदाज, थापी कशी धरायची, सगळं मिस्त्री तोंडाने सांगत होते आणि त्यांचे हात मांडीवरच्या मांडीवर थापी चालवत होते. बाई दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मिस्त्री, बोलणं कमी करा. त्यांना काम करू द्या. तुमच्यापेक्षा सावकाश करतायत, म्हणजे बरोबरच करत असतील."

एकदा ओली फरशी बायकोच्या हातून निसटली. मिस्त्री ताडकन उठले, एका हाताचा मोजा काढून फेकला आणि खाली वाकले.

"हात मागे!" बायको इतक्या जोरात ओरडली की बाईसुद्धा दचकल्या. मिस्त्री हात वर करून, चोर पकडल्यासारखे, भिंतीला टेकले. तिने फरशी स्वतः उचलली, बसवली, मुठीने चार कोपऱ्यांवर ठोकली आणि पाणसळ लावून बघितली. बुडबुडा जाळीच्या उलट बाजूला, हवा तितकाच सरकलेला होता. मिस्त्रींनी डोळे बारीक करून पाहिलं. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि त्यांनी शोधली होती.

दोन दिवस सिमेंट वाळू दिलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः तांब्या भरून आणला आणि ओतला. पाणी क्षणभर जागीच पसरलं. मग त्याला जणू वाट सापडली. एका बाजूने बारीक धार निघाली, मागचं पाणी तिच्यामागे गेलं आणि सगळं जाळीत गुडुप झालं. दाराशी थेंब नाही. बाईंनी आणखी एक तांब्या ओतला. मग आणखी एक.

"बाई, माफ केलंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"मला पाण्याचा राग नव्हता हो," बाई म्हणाल्या. "चुका वह्यांमध्ये रोज बघायचे मी. तुम्ही मला बघून गल्ली बदलायचात, त्याचं वाईट वाटायचं. वाटायचं, माझंच काही चुकलं की काय." मग त्यांनी मिस्त्रींच्या बायकोकडे वळून तिचा हात हातात घेतला. "माफ केलं. आनंदाने जाऊन या दोघं."

घरी येताना मिस्त्री शाळेच्या गल्लीतून आले. लांबचा रस्ता होता, पण तिथून जायला आता हरकत नव्हती.

वीस तारखेला तीच खिडकी, तीच मुलगी. मिस्त्रींनी आदल्या दिवसापासून कशाला स्पर्श केला नव्हता. सकाळी घरी शर्टाची बटणंही लेकीने लावून दिली होती. त्यांनी डावी करंगळी काचेवर ठेवली. हिरवा. अनामिका, हिरवा. डावा हात संपला, उजवा सुरू झाला. नऊ बोटं झाली. बायको तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती.

उजव्या अंगठ्याला लाल दिवा लागला. छत्तीस वर्षं थापी त्याच्याच जोरावर धरली होती. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा लाल.

"चारच वेळा घेतं हे," मुलगी हळूच म्हणाली. "काका, अंगठ्यावर तोंडाची वाफ द्या. हं, अजून. हात सैल सोडा. तुम्ही फरशी दाबल्यासारखं दाबताय. नुसता ठेवा."

मिस्त्रींनी अंगठा नुसता ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुठलीही वस्तू न दाबता ठेवली असेल. यंत्राने विचार केला.

हिरवा.

"झालं!" मुलगी एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या खिडकीतला माणूस वळून बघू लागला. बायकोने मिस्त्रींना दंड धरून बाकावर बसवलं. मग ती स्वतःही शेजारी बसली आणि पदर तोंडाला लावून रडत-हसत राहिली. मिस्त्री तिला "अगं, लोक बघतायत" म्हणाले, आणि खिशातला रुमाल तिच्या हातात दिला.

अकरा दिवसांनी हाजीसाहेबांचा फोन आला. दोघांचाही व्हिसा आला होता. बायकोने आधी मुलीला कळवलं, मग बाईंना. त्यानंतर तिने कपाटातून दोन्ही बॅगा खाली काढल्या आणि औषधं एका बाजूला, चपला एका बाजूला लावायला घेतल्या. काय राहिलं ते विचारायला ती बाहेर आली, तर मिस्त्री खुर्चीत मान टाकून झोपले होते. तोंड अर्धवट उघडं, चष्मा कपाळावर. महिनाभरात त्यांना अशी गाढ झोप लागलेली तिने पाहिली नव्हती. तिने पंखा एक नंबर कमी केला, दार ओढून घेतलं आणि यादी स्वतःच पुढे लिहू लागली.