सुई दिसली पाहिजे

मी टेबलावरचा कॉम्प्युटर बोलतोय. जरा दमानं घ्या, मला सुरू व्हायला आताशा दहा मिनिटं लागतात. तोवर मालक चष्मा पुसून घेतात आणि मालकीणबाई चहा टाकतात. घरात माझ्यावर कुणी चिडत नाही, हे माझं नशीब.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्यातलं काही आठवत नाही. आठवतो तो थेट मालकांचा फोटो स्टुडिओ. पुढच्या खोलीत निळा पडदा आणि फिरतं स्टूल, मागे अंधारखोली. मी आलो तशी अंधारखोलीतली फोटो धुवायच्या औषधांची तसराळी बाहेर गेली आणि तिथे ट्यूबलाइट लागली. मालकांनी पहिले सहा महिने मला शत्रूच मानलं. मग जमलं हळूहळू. ओळखपत्राच्या फोटोंतले किती मुरुम मी पुसले आणि किती उभे राहिलेले केस बसवले, याची गणती नाही. "आहे तसाच येऊ द्या हं," म्हणणारी माणसं पैसे देताना हळूच विचारायची, "जरा तरुण करता येईल का?"

मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला. स्टुडिओ बंद झाला, फिरतं स्टूल कुणीतरी नेलं, आणि मी मालकांबरोबर घरी आलो. खिडकीजवळची जागा मिळाली. मालकांनी जुन्या निगेटिव्ह एकेक करून माझ्या पोटात भरल्या. ते दिवस फार चांगले होते.

मालकांना वाईट सवय एकच. पडद्यावर काही सूचनेची चौकट उगवली की ती वाचायची नाही, सरळ 'ओके' दाबायचं. चूक त्यांची एकट्याची नाही. मला पहिल्यांदा जोडायला आलेला मेकॅनिक घाईत सांगून गेला होता, "काका, काहीही आलं तरी ओके दाबा, काही होत नाही." तेव्हापासून मी काय काय सांगू पाहिलं, सगळं 'ओके'खाली गाडलं गेलं.

एके दिवशी मालकांच्या भाच्याचा फोन आला. त्याची आई म्हणजे मालकांची धाकटी बहीण, तिला ते चिमी म्हणतात, लांबच्या शहरात राहते. आई गेल्यावर तिनं आईचा एक फोटो मागितला होता. मालक म्हणाले, शोधून देतो. गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते राहून गेलं. "लोकांना द्यायला वेळ आहे तुला," असं ती एकदा बोलली, हे उलट बोलले, आणि नऊ वर्षं दोघांनी तोंड फिरवलं.

भाचा म्हणाला, "मामा, आईची नजर जात चाललीय. डॉक्टर म्हणतात, दोनेक महिने. आजीचे फोटो असतील तर पाठवाल का? मी मागितले हे तिला कळू देऊ नका. ती स्वतः नाही मागायची."

मालक दोन दिवस माझ्यासमोर बसून होते. आईचे अकरा फोटो त्यांनी निवडले. त्यातला एक मला पाठ आहे. आई दाराच्या पायरीवर बसलीय, समोर शाळेच्या फ्रॉकमधली चिमी मान वर करून उभी, आणि आई तिच्या गळ्याशी सुटलेलं बटण शिवतेय. मालकांनी अठराव्या वर्षी, मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं काढलेला. आईच्या बोटांत सुईचा एक बारीकसा चमकणारा ठिपका आहे.

मालकांनी अकराच्या अकरा फोटो एकाच ईमेलला जोडले. खाली लिहिलं, "चिमे, उशीर झाला. दादा." आणि पाठवा म्हणाले.

आता अकरा मोठे फोटो एका ईमेलमधून जातात होय? दार अरुंद आणि आम्ही कपाट काढतोय! मी लगेच चौकट दाखवली: मेल फार मोठी आहे, गेली नाही. मालकांनी 'ओके' दाबलं.

रोज सकाळी मी तेच दाखवायचो, ते तेच दाबायचे. ईमेल माझ्याकडेच आउटबॉक्समध्ये पडून, आणि मालक उत्तराची वाट बघतायत. मला चौकट दाखवता येते, ओरडता येत नाही. एकदा नुसता पोटातला पंखा जोरात फिरवून पाहिला. मालक म्हणाले, "धूळ साठलीय वाटतं."

"फोन तरी करा तिला," मालकीणबाई म्हणाल्या.

"मी पाठवलेत. राग गेला नाही तिचा, दुसरं काय." मालकांचा चेहरा इतका उतरलेला स्टुडिओ बंद झाला त्या दिवशीही मी पाहिला नव्हता. तिकडे भाचाही मामा अजून रुसलेत असं समजून पुन्हा फोन करत नव्हता, हे मागाहून कळलं.

नवव्या दिवशी मालक दाढी करत होते आणि मालकीणबाई माझ्यावरून फडकं फिरवत होत्या. त्यांची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला यंत्र लावून लोकांचे कॉल जोडायचे, न लागलेले पुन्हा लावायचे. माझी चौकट उगवली. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. जन्मात पहिल्यांदा कुणी माझं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं.

"अहो, इकडे या आधी! तुमचा कॉल लागलेलाच नाही!"

मालक साबणाच्या तोंडानं धावत आले. वाचलं आणि बोटांवर दिवस मोजले. "आठ दिवस गं. तिचे बघायचे आठ दिवस मी घालवले."

"रडू नंतर. फोटो लहान करा, एका झटक्यात जातील."

"नाही. लहान केले तर सुई जाईल. तिला मोठं करून करून बघावं लागणार आहे. सुई दिसली पाहिजे."

मालकीणबाईंनी दुसरी खुर्ची ओढली. "मग एकेक लावू या. एका मेलला एक फोटो. वर आकडा घाला, म्हणजे तिकडे कळेल किती यायचेत."

तसंच झालं. अकरातला पहिला, अकरातला दुसरा. आमचं इंटरनेट म्हणजे बैलगाडी; एकेका फोटोला अर्धा-पाऊण तास. मालक अर्ध्या दाढीनिशी बसलेले, जेवायलाही दोघं आळीपाळीनं उठली. दर वेळी पडद्यावर काही उमटलं की मालक मोठ्यानं वाचून दाखवायचे. अकरावी गेली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरलं होतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. अक्षरं खूप मोठी केलेली, चुका भरपूर. "दादा, सगळे पाहिले. तुझ्या भाच्यानं पडदाभर मोठे केले. सुई दिसली. टोचेल म्हणून मी मान वर धरली होती, आठवतं?"

मालक ढसाढसा रडले. साठीच्या पुढचा माणूस माझ्या कीबोर्डवर रडला, म्हणून एक-दोन कळा अजून चिकटतात.

याला तीन वर्षं झाली. चिमीताईंना आता दिसत नाही. माझ्या पोटात खरखर सुरू झालीय आणि मालकीणबाई म्हणतात, याचे फार दिवस नाहीत. खरं आहे ते. मला भंगारात द्यायला माझी हरकत नाही, पण त्याआधी ते अकरा फोटो नीट उतरवून घ्या. आणि नवा येईल त्यानं काही सांगितलं तर वाचा हो, नुसतं ओके म्हणू नका.

आज रविवार. रविवारी मालक मला सुरू करतात, तो पायरीवरचा फोटो उघडतात आणि बहिणीला फोन लावतात. मग काय काय दिसतंय ते सांगत बसतात: दार, पायरी, फ्रॉकची कॉलर, आईचा हात. ती शेवटी एकदाच विचारते.

"आणि सुई, दादा?"

मालक चष्मा वर करून पडद्याला नाक लावतात. "आहे गं," म्हणतात, "आहे."